पाच वाजेपर्यंत ये, पाच वाजेपर्यंत थांब : इंग्रजी क्रियापदं आणि वेळेची शब्दयोगी अव्ययं

घड्याळकाटा

शाळेत आपण सगळेच एक नियम घोकून आलो: ठरावीक वेळ असेल तर ‘सिन्स’, कालावधी असेल तर ‘फॉर’. नियम खोटा नाही, पण अर्धा आहे. तो फक्त अव्ययाच्या पुढच्या शब्दाकडे बघायला सांगतो. खरा निर्णय मागच्या क्रियापदावर होतो आणि ते शाळेत कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात ‘पर्यंत’पासून करतो, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त तिथे अडखळतो.

पाच वाजेपर्यंत ये.
पाच वाजेपर्यंत थांब.

मराठीत अव्यय एकच. इंग्रजीत पहिलं ‘कम बाय फाइव्ह’, दुसरं ‘वेट अन्टिल फाइव्ह’. घड्याळ दोन्हीकडे पाचच दाखवतंय. वेगळं आहे ते क्रियापद. येणं एका क्षणात घडतं आणि तो क्षण पाचच्या अलीकडे कुठेही चालेल, म्हणून ‘बाय’. थांबणं मात्र सलग चालतं आणि पाचला संपतं, म्हणून ‘अन्टिल’.

पारख सोपी आहे. मराठी वाक्यात ‘-त राहा’ घालून बघा. ‘पाच वाजेपर्यंत वाट बघत राहा’ बसतं, म्हणजे ‘अन्टिल’. ‘पाच वाजेपर्यंत फॉर्म भरून टाक’ बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘सबमिट द फॉर्म अन्टिल फ्रायडे’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शुक्रवार उजाडेपर्यंत एकच फॉर्म पुन्हा पुन्हा खिडकीतून आत सरकवणारा माणूस उभा राहतो.

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात आणि अर्थ पालटतो. ‘रीड द रिपोर्ट बाय सिक्स’ म्हणजे सहाच्या आत वाचून संपव. ‘रीड द रिपोर्ट अन्टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत वाचत बस, संपला नाही तरी चालेल.

---

पाटीपेन्सिल

उत्तम धागा. ‘फॉर’ आणि ‘इन’ची जोडीही याच तत्त्वावर चालते, ती मांडते.

तासभर पुस्तक वाचलं : रेड द बुक फॉर ॲन अवर.
तासाभरात पुस्तक वाचून काढलं : रेड द बुक इन ॲन अवर.

पहिल्यात पुस्तक संपलं की नाही ते कळत नाही. दुसऱ्यात संपलंच. गंमत म्हणजे मराठी हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त चोख दाखवते. एकतर ‘तासभर’ आणि ‘तासाभरात’ ही रूपं वेगळी आहेत, आणि शिवाय संयुक्त क्रियापद मदतीला येतं. वाचून काढणं, खाऊन टाकणं, आटपून घेणं, उरकणं या सगळ्यांना शेवट असतो. म्हणून ‘तासभर पुस्तक वाचून काढलं’ हे मराठी कानालाही खटकतं. जे मराठीत खटकतं तेच इंग्रजीत खटकणार: ‘फिनिश्ड द बुक फॉर ॲन अवर’ चालत नाही.

आता दुसरी पायरी. नुसतं क्रियापद बघून भागत नाही, त्याचं कर्मही बघावं लागतं.

ॲपल्स खाल्ली, किती ते सांगितलं नाही: ‘एट ॲपल्स फॉर ॲन अवर’.
दोन ॲपल्स खाल्ली: ‘एट टू ॲपल्स इन टेन मिनिट्स’.

कर्माला संख्या किंवा माप लागलं की क्रियेला शेवट येतो, आणि शेवट आला की ‘इन’. तसंच गतीच्या क्रियापदांचं. ‘वॉक’ एकटं असेल तर ‘वॉक्ड फॉर ट्वेंटी मिनिट्स’. मागे ‘टु द स्टेशन’ जोडलं की मुक्काम ठरला, मग ‘वॉक्ड टु द स्टेशन इन ट्वेंटी मिनिट्स’. ‘टु’ऐवजी ‘टुवर्ड्स’ घातलं तर पुन्हा ‘फॉर’, कारण स्टेशनच्या दिशेने चालण्यात पोचणं येत नाही.

विद्यार्थ्यांना मी क्रियापदांचे चार ढीग करायला लावते. ही चौकट भाषेचे तत्त्वज्ञ झेनो वेंडलर यांनी १९५७ साली मांडलेली आहे.

स्थिती: नो (माहीत असणं), बिलाँग, ओन. ‘फॉर’ चालतं.
नुसती चालणारी क्रिया: वॉक, स्लीप, वर्क, वेट. ‘फॉर’ चालतं.
शेवट असलेली लांब क्रिया: बिल्ड अ हाउस, राइट अ लेटर. ‘इन’ चालतं.
क्षणात घडणारी क्रिया: अराइव्ह, फाइंड, रीच, डाय. ‘ॲट’ किंवा ‘ऑन’ चालतं. ‘इन’ही चालतं, पण तेव्हा तो वेळ आधीच्या खटाटोपाचा असतो. ‘फाउंड द कीज इन फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे शोधायला पाच मिनिटं लागली, सापडायला नव्हे.

---

उंबरठा

शंका. ‘द गेस्ट्स अराइव्ह्ड फॉर ॲन अवर’ असं वाक्य एका ठिकाणी वाचलं. अराइव्ह क्षणिक असेल तर ‘फॉर’ कसं?

---

पाटीपेन्सिल

कर्ता अनेकवचनी आहे म्हणून. एक पाहुणा एका क्षणात येतो, पण पन्नास पाहुणे तासभर येत राहू शकतात. इथेही ‘-त राहिले’ लावून बघा: ‘पाहुणे तासभर येत राहिले’ बसतं. ‘द गेस्ट अराइव्ह्ड फॉर ॲन अवर’ असं एकवचनात लिहिलं की मोडतं.

---

मसुदेवाला

‘फॉर’चा आणखी एक उपयोग राहिला, आणि भाषांतरात तो फार फसवतो.

‘ही वेंट टु नागपूर फॉर टू डेज.’

‘फॉर’ म्हणजे क्रिया चालण्याचा काळ, हे धरून चाललं तर नागपूरला जायला दोन दिवस लागले असा अर्थ निघेल. तसा तो नाही. जाण्यानंतरची स्थिती, म्हणजे तिथला मुक्काम, दोन दिवसांचा. मराठीत इथे ‘साठी’ येतं: दोन दिवसांसाठी नागपूरला गेला. रस्त्यात दोन दिवस गेले असतील तर ‘रीच्ड नागपूर इन टू डेज’.

असं ‘साठी’वालं ‘फॉर’ घेणारी क्रियापदं ठरलेली आहेत: लेंड, बॉरो, रेंट, लीव्ह, क्लोज, ओपन, सस्पेंड. ‘द बँक क्लोज्ड फॉर टू डेज’ यात बंद करायला दोन दिवस लागले नाहीत, बंद राहिली दोन दिवस. परिणाम उलटवता येत असेल तरच हे ‘फॉर’ चालतं. उघडलेलं दार बंद होऊ शकतं, उसनी गोष्ट परत येते. ‘ब्रोक द कप फॉर टू डेज’ म्हणता येत नाही, कारण कप परत सांधत नाही.

---

उंबरठा

मूळ दुखणं विचारतो. ‘आय हॅव जॉइन्ड धिस कंपनी सिन्स टू इयर्स.’ यात ‘टू इयर्स’ कालावधी आहे म्हणून ‘सिन्स’ चूक, एवढं कळलं. ‘फॉर’ केलं तरी चूकच म्हणतात. का?

---

घड्याळकाटा

कारण ‘जॉइन’ क्षणिक आहे. रुजू होणं दोन वर्षं चालत नाही. दोन वर्षं चाललंय ते तिथे असणं. त्यामुळे दोनच वाटा उरतात.

क्षण धरायचा तर साधा भूतकाळ: आय जॉइन्ड टू इयर्स अगो.
स्थिती धरायची तर क्रियापद बदला: आय हॅव बीन हिअर फॉर टू इयर्स.

मराठीत आपण हे एका झटक्यात करतो, ‘-ऊन … झाली’ या रचनेने. रुजू होऊन दोन वर्षं झाली. गाडी घेऊन तीन वर्षं झाली. लग्न होऊन दहा वर्षं झाली. आजोबांना जाऊन पाच वर्षं झाली. क्रिया क्षणाची, मोजमाप त्यानंतरच्या काळाचं. इंग्रजीत ही रचना शब्दशः न्यायला गेलं की ‘हॅव बॉट फॉर थ्री इयर्स’ तयार होतं. त्याऐवजी प्रत्येक क्षणिक क्रियापदाची एक स्थितीवाचक जोडी पाठ करावी, हा सर्वांत उपयोगी गृहपाठ.

बाय (विकत घेणं) ला हॅव: आय हॅव हॅड धिस बाइक फॉर थ्री इयर्स.
गेट मॅरीड ला बी मॅरीड: दे हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स.
डाय ला बी डेड: ही हॅज बीन डेड फॉर फाइव्ह इयर्स.
मीट ला नो: आय हॅव नोन हर सिन्स कॉलेज.
लीव्ह ला बी अवे, कम ला बी हिअर, स्टार्ट ला बी ऑन.

‘बीन डेड’ मराठी कानाला रुक्ष वाटतं. शोकपत्रात ते लिहूच नये, तिथे ‘इट इज फाइव्ह इयर्स सिन्स ही पास्ड अवे’ लिहावं. हीच रचना ‘जाऊन पाच वर्षं झाली’च्या सर्वांत जवळची आहे.

---

तिरपाकाना

हे सगळं साहेबी नाजूकपण आहे. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू थाउजंड फिफ्टीन’ अख्ख्या भारताला कळतं. भारतीय इंग्रजी म्हणून मान्य का करत नाही?

---

पाटीपेन्सिल

कळतं, यात वाद नाही. चुकीचं मूळही स्वच्छ दिसतं: ‘२०१५पासून इथे काम करतोय’ यात मराठी चालू वर्तमान वापरते आणि तेच सरळ उतरतं. हा आपलाच दोष आहे असंही नाही. जर्मन ‘जाइट’ आणि फ्रेंच ‘दप्वी’बरोबर वर्तमानकाळ वापरतात, त्यामुळे तिकडचे विद्यार्थीही हीच चूक करतात. वेगळी वाट धरली आहे ती इंग्रजीने. भूतकाळात सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेल्या गोष्टीला तिला ‘हॅव’ लागतंच.

गप्पांमध्ये मी कुणाला टोकणार नाही. पण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लेखनात किंवा नोकरीच्या पत्रात हेच वाक्य पहिल्या ओळीत असतं, आणि तपासणाऱ्याचा पेन तिथेच थांबतो. माझं मत विचाराल तर ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ मात्र भारतीय इंग्रजी म्हणूनही सोडून द्यावं. जुन्या वळणाचं मराठी ‘गेली दोन वर्षं’ म्हणतं, प्रत्ययाशिवाय. त्यातून ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ आपोआप निघतं. ‘गेल्या दोन वर्षांपासून’ म्हणायची सवय लागली आणि ‘सिन्स’ चिकटला. मराठी सुधारली तर इंग्रजी निम्मी सुधारते, ती ही अशी.

---

कौमुदी

चर्चा इंग्रजीची आहे, पण ‘फॉर’ आणि ‘इन’चा भेद पाणिनीने दोन लागोपाठच्या सूत्रांत बांधलाय, ते इथे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

अष्टाध्यायी २.३.५ कालाध्वनोरत्यन्तसंयोगे. क्रियेने काळ किंवा अंतर सलग व्यापलं असेल तर द्वितीया. मासमधीते, महिनाभर शिकतो.

२.३.६ अपवर्गे तृतीया. फळ मिळून क्रिया संपली असेल तर तृतीया. मासेन अनुवाकोऽधीतः, महिन्यात अनुवाक (वेदाचा एक भाग) शिकून झाला.

पहिलं ‘फॉर अ मन्थ’, दुसरं ‘इन अ मन्थ’. सूत्रात काळाबरोबर ‘अध्वन्’ म्हणजे वाटही घेतली आहे, हे विशेष. इंग्रजी ‘फॉर’सुद्धा वेळ आणि अंतर दोन्ही मोजतं: वॉक्ड फॉर टू अवर्स, वॉक्ड फॉर टू माइल्स.

आणि पुढचंच सूत्र २.३.७ सप्तमीपञ्चम्यौ कारकमध्ये. उदाहरण: अद्य भुक्त्वा अयं द्व्यहे द्व्यहाद्वा भोक्ता. आज जेवला, आता दोन दिवसांनी जेवेल. दोन क्रियांच्या मधला काळ. इंग्रजीत हेही ‘इन टू डेज’च.

---

घड्याळकाटा

कौमुदी, दंडवत! तिसऱ्या सूत्राने नेमकी माझी पुढची अडचण पकडली. इंग्रजी ‘इन’ दोन वेगळी कामं करतं आणि मराठी ती दोन प्रत्ययांत वाटून देते.

दहा मिनिटांत जेवतो : जेवण दहा मिनिटांत उरकेल.
दहा मिनिटांनी जेवतो : दहा मिनिटं गेल्यावर बसेन.

इंग्रजीत दोन्ही ‘इन टेन मिनिट्स’. संस्कृतात तृतीयेचा अर्थ ‘पूर्ण झालं’ असा होता. मराठीने पूर्णतेचं काम ‘-त’कडे दिलं आणि तृतीयेच्या ‘-नी’ला ‘नंतर’चा अर्थ मिळाला. अदलाबदल मजेदार आहे.

इंग्रजीत संदिग्धता कुठे उरते आणि कुठे नाही ते असं:

भूतकाळ आणि शेवट असलेली क्रिया. ‘रोट द लेटर इन टेन मिनिट्स’ यात सहसा एकच अर्थ, लागलेला वेळ.

भविष्यकाळ आणि स्थिती. ‘आय विल बी फ्री इन टेन मिनिट्स’ यातही एकच अर्थ, दहा मिनिटांनी.

भविष्यकाळ आणि शेवट असलेली क्रिया. ‘आय विल राइट द लेटर इन टेन मिनिट्स’ इथे दोन्ही अर्थ. घोटाळा इथेच होतो. ‘नंतर’ म्हणायचं असेल तर ‘इन टेन मिनिट्स टाइम’ म्हणा, त्याला दुसरा अर्थ नाही. लिहिताना ‘मिनिट्स’नंतर षष्ठीचं चिन्ह द्यायला विसरू नका. ‘आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन टेन मिनिट्स’.

आत्तापासून पुढचा काळ मोजताना ‘आफ्टर टू डेज’ ही आपली सवय. ‘आय विल कॉल यू आफ्टर टू डेज’ कळतं, पण रूढ इंग्रजी ‘इन टू डेज’. गोष्ट भूतकाळात सांगताना ‘आफ्टर टू डेज ही कॉल्ड’ किंवा ‘टू डेज लेटर’ बिनधास्त चालतं. आणि ‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ कधीच नाही. आत्तापासून मागे मोजलं तर ‘टू इयर्स अगो’, दुसऱ्या एखाद्या प्रसंगापासून मागे मोजलं तर ‘टू इयर्स बिफोर दॅट’.

---

मसुदेवाला

कार्यालयीन आणि कायद्याच्या लिखाणात हा घोळ पैशाला आणि मुदतीला भिडतो, म्हणून थोडं सविस्तर.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(१) मध्ये उत्तराची मुदत ‘विदिन थर्टी डेज ऑफ द रिसीट ऑफ द रिक्वेस्ट’ अशी आहे. ‘विदिन’ आहे म्हणून अर्थ एकच: तिसावा दिवस उलटायच्या आत. ‘इन थर्टी डेज’ असतं तर ‘तीस दिवसांनी देऊ’ असा पळवाटीचा अर्थ काढायला कुणीतरी बसलंच असतं. मराठीतल्या ‘तीस दिवसांच्या आत’मधला ‘आत’ म्हणजेच ‘विदिन’.

मोजायचं कसं? जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चं कलम ९ केंद्रीय कायद्यांसाठी सांगतं की ‘फ्रॉम’ वापरलं की पहिला दिवस वगळला जातो आणि ‘टु’ वापरलं की शेवटचा दिवस धरला जातो. एखादी मुदत ‘थर्टी डेज फ्रॉम १ जून’ असेल तर मोजणी २ जूनपासून, तिसावा दिवस १ जुलै.

रोजच्या इंग्रजीत मात्र ‘ऑन लीव्ह फ्रॉम ५ टु ८ मे’ म्हटलं की लोक दोन्ही दिवस धरतात, म्हणजे चार दिवस. कायद्याचा ‘फ्रॉम’ आणि रजेच्या अर्जाचा ‘फ्रॉम’ एक नाहीत. म्हणून करारात दोन्ही टोकं धरायची असतील तर ‘बोथ डेज इन्क्लुसिव्ह’ असं स्पष्ट लिहितात. अमेरिकन ‘मंडे थ्रू फ्रायडे’ मध्ये शुक्रवार निःसंशय आत असतो.

‘अन्टिल’ तर आणखी निसरडं. ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड अन्टिल मंडे’ वाचून सोमवारी जावं की मंगळवारी? बहुतेक जण सोमवारी उघडेल असं धरतात, पण फलकावर अंदाजावर सोडू नये. ‘क्लोज्ड; रीओपन्स ऑन मंडे’ असं लिहिलं की खेटा वाचतो.

---

उंबरठा

‘स्टार्ट’बरोबर ‘फ्रॉम’ का नको? ‘क्लासेस स्टार्ट फ्रॉम १५ जून’ सगळीकडे दिसतं.

---

पाटीपेन्सिल

सुरू होणं क्षणिक. ‘१५ जूनपासून सुरू’ यातला ‘पासून’ मराठीत शोभतो, इंग्रजीत ‘स्टार्ट ऑन १५ जून’, ‘स्टार्ट ॲट टेन’. ‘फ्रॉम’ हवंच असेल तर चालणारं क्रियापद घ्या: ‘क्लासेस रन फ्रॉम १५ जून टु ३१ जुलै’. ‘बिटवीन टेन टु ट्वेल्व्ह’ ही त्याचीच धाकटी बहीण. ‘फ्रॉम’चा जोडीदार ‘टु’, ‘बिटवीन’चा जोडीदार ‘अँड’. अदलाबदल करू नका.

---

तिरपाकाना

बरं, मान्य. मग हे सोडवा. ‘जोपर्यंत पैसे देत नाही तोपर्यंत माल देणार नाही.’ मी ‘अन्टिल यू डोन्ट पे’ लिहितो आणि लोक हसतात. मराठीत तर ‘नाही’ आहेच की.

---

घड्याळकाटा

आहे, आणि मराठीत ते बरोबरच आहे. मराठी ‘जोपर्यंत’ न देण्याचा सगळा पट्टा दाखवते: जितका वेळ ‘न देणं’ चालू आहे तितका वेळ. इंग्रजी ‘अन्टिल’ पट्टा दाखवत नाही, पट्ट्याचं टोक दाखवते, आणि टोकाला पैसे दिलेले असतात. म्हणून ‘अन्टिल यू पे’. नकार ठेवायचाच असेल तर ‘ॲज लाँग ॲज यू डोन्ट पे’. ‘अनलेस’मध्येही नकार पोटातच असतो, ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे पैसे दिलेत तर माल नाही!

नकाराचा दुसरा खेळ मुख्य क्रियापदावर. ‘कम’ क्षणिक आहे म्हणून ‘केम अन्टिल नाइन’ चालत नाही. नकार लावला की न येणं ही स्थिती होते, मग ‘द बस डिडन्ट कम अन्टिल नाइन’ ठणठणीत चालतं. पण अर्थ नीट घ्या: बस नऊला आली. ‘द बस हॅडन्ट कम बाय नाइन’ मध्ये नऊपर्यंत आली नव्हती एवढंच, पुढे आली की नाही कळत नाही. मराठी ‘नऊपर्यंत बस आली नाही’ दोन्ही पोटात घेते, म्हणून भाषांतर करणाऱ्याला पुढचं वाक्य वाचल्याशिवाय निवड करता येत नाही.

---

पाटीपेन्सिल

+१. नकारावरून आणखी एक. ‘वेट’, ‘स्टे’, ‘लास्ट’ यांच्यामागचं ‘फॉर’ गाळलं तरी चालतं: ‘वी स्टेड टू नाइट्स’, ‘द मीटिंग लास्टेड थ्री अवर्स’. वाक्य नकारार्थी असेल किंवा कालावधी वाक्याच्या सुरुवातीला असेल तर गाळू नका: ‘ही हॅजन्ट ईटन फॉर टू डेज’. नकारात ‘इन’ही चालतं, ‘हॅवन्ट सीन हिम इन इयर्स’. इथे ‘इन’चा पूर्णतेशी काही संबंध नाही, ‘फॉर’चाच भाऊ समजा.

सुरुवातीला ठेवलेलं ‘फॉर’ अर्थही बांधून टाकतं. ‘शी हॅज लिव्हड इन पुणे फॉर टू इयर्स’ म्हणजे अजून राहते, किंवा आयुष्यात कधीतरी दोन वर्षं राहिली. ‘फॉर टू इयर्स शी हॅज लिव्हड इन पुणे’ म्हणजे आत्ताची दोन वर्षं.

‘टेक’ला मात्र ‘फॉर’ कधीच नाही. ‘इट टुक थ्री अवर्स’. ‘वेट’ला कधीकधी दोन लागतात: ‘वेटेड फॉर हिम फॉर ॲन अवर’. आपण ‘त्याची वाट पाहिली’ म्हणतो, म्हणून पहिलं ‘फॉर’ गळतं आणि ‘वेटेड हिम’ होतं.

‘ड्युरिंग’ला नाम लागतं आणि ते ‘केव्हा’चं उत्तर देतं, ‘किती वेळ’चं नाही. ‘ड्युरिंग द लेक्चर’ बरोबर, ‘ड्युरिंग टू अवर्स’ चूक.

---

मसुदेवाला

तारीख सरकवणारी क्रियापदं राहिली. पोस्टपोन आणि एक्स्टेंड.

नवी तारीख सांगायची तर ‘टु’ किंवा ‘अन्टिल’: पोस्टपोन्ड टु फ्रायडे, एक्स्टेंडेड अन्टिल ३१ मार्च.
किती सरकलं ते सांगायचं तर ‘बाय’: पोस्टपोन्ड बाय टू डेज.

मराठी ‘दोन दिवसांनी पुढे ढकलली’ मधला ‘-नी’ म्हणजे हे मापाचं ‘बाय’. धाग्याच्या सुरुवातीचं मुदतीचं ‘बाय’ वेगळं. ‘द डेडलाइन विल बी एक्स्टेंडेड बाय फ्रायडे’ म्हणजे मुदतवाढीचा निर्णय शुक्रवारच्या आत होईल. ‘टु फ्रायडे’ म्हणजे नवी मुदत शुक्रवार. टेंडरच्या शुद्धिपत्रकात हे एक अक्षर तपासूनच सही करावी.

अवांतर: इतिहासाच्या लेखनात ‘डेट’ हे क्रियापद. ‘द कैलास टेम्पल ॲट एलोरा डेट्स फ्रॉम द एट्थ सेंचुरी’. स्थिती आहे म्हणून साधा वर्तमानकाळ. ‘इज डेटेड बॅक फ्रॉम’ ही खिचडी नको.

---

तिरपाकाना

आता परीक्षा. सोसायटीच्या लिफ्टबद्दल लिहिलेला हा मसुदा, आहे तसा देतोय.

‘आय ॲम स्टेइंग हिअर फ्रॉम लास्ट सेवन इयर्स. द लिफ्ट इज क्लोज्ड सिन्स टेन डेज. आय हॅव कम्प्लेन्ड बिफोर वन वीक. प्लीज रिपेअर इट अन्टिल फ्रायडे. अन्टिल इट इज नॉट रिपेअर्ड, वी विल नॉट पे द मेंटेनन्स.’

---

पाटीपेन्सिल

पाच वाक्यं, पाचही ठिकाणी लाल पेन. एकेक घेते.

‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर द लास्ट सेवन इयर्स.’ गेली सात वर्षं, म्हणून ‘फॉर’ आणि ‘हॅव’. ‘स्टे’ तात्पुरत्या मुक्कामाला, घराला ‘लिव्ह’.

‘द लिफ्ट हॅज बीन आउट ऑफ ऑर्डर फॉर टेन डेज.’ बंद पडणं क्षणिक, बंद असणं स्थिती. तारीख माहीत असेल तर ‘सिन्स’ आणि ती तारीख. तक्रारीत तारीखच जास्त वजनदार.

‘आय कम्प्लेन्ड अ वीक अगो.’ ‘अगो’ आलं की ‘हॅव’ गेलं.

‘प्लीज गेट इट रिपेअर्ड बाय फ्रायडे.’ दुरुस्तीला शेवट आहे.

‘वी विल नॉट पे द मेंटेनन्स अन्टिल इट इज रिपेअर्ड.’ एक नकार पुरे.

---

उंबरठा

शेवटच्यात ‘अन्टिल इट विल बी रिपेअर्ड’ नको का? दुरुस्ती तर पुढेच व्हायची आहे.

---

घड्याळकाटा

नको. भविष्यकाळ मुख्य वाक्यात एकदा येऊन गेला. ‘अन्टिल’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘बाय द टाइम’ यांच्या पोटवाक्यात त्यानंतर वर्तमानच येतो. ‘अन्टिल इट हॅज बीन रिपेअर्ड’ चालेल, त्यात काम पुरं होण्यावर जोर येतो. ‘विल’ मात्र नाही.

---

तिरपाकाना

आणि ‘बाय फ्रायडे’ लिहिल्यावर माणूस शुक्रवारी रात्री आठला आला तर?

---

मसुदेवाला

तर तो मुदतीत आला. सकाळी हवा असेल तर ‘बाय टेन ए.एम. ऑन फ्रायडे’ लिहा.